गाडी जुनी असू द्या, पट्टा नवा हवा

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली.

विषय : जुन्या आणि व्हिंटेज गाड्यांना सीट बेल्ट बसवून घेण्याची अधिकृत, सोपी सोय करण्याबाबत.

नितीनजी,

बीडहून परळीच्या रस्त्याला लागलं की वाटेत आमचं वडवणी लागतं. तिथूनच हे पत्र लिहितो आहे. मी निवृत्त शिक्षक आहे. घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९७३ सालची फियाट उभी आहे. कागदावर तिचं नाव प्रीमिअर प्रेसिडेंट, पुढं हीच गाडी पद्मिनी म्हणून ओळखली गेली. गावात मात्र ती कायम ‘गुरुजींची फियाट’च राहिली. वडिलांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा मी कॉलेजात होतो. या गाडीनं गल्लीतल्या किती लेकी सासरी पोचवल्या आणि किती बाळंतिणींना रात्री-अपरात्री बीडच्या दवाखान्यात नेलं, याची मोजदाद नाही. १०८९ सीसीचं इंजिन आजही दुसऱ्या सेल्फला चालू होतं. पत्र या गाडीच्या निमित्तानं लिहितो आहे, पण मागणं फक्त तिच्यापुरतं नाही.

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. सोबत पाच वर्षांची नात. नातीला आजोबांच्या गाडीत बसायचं होतं. मी कव्हर काढलं, गाडी पुसली, अंगणात आणली. मुलगी मागच्या सीटवर बसली, सवयीनं हात खांद्यामागं गेला आणि रिकामाच परत आला.

“बाबा, बेल्ट कुठंय?”

“या गाडीला तो कधीच नव्हता गं.”

“मग ही कुठं बसणार?”

तोवर नातीनं आपली जागा शोधलीही होती. पुढच्या सीटच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून, मागं पाय रोवून, समोरच्या काचेतून रस्ता बघत ती उभी राहिली. तीस वर्षांपूर्वी तिची आई नेमकी तिथंच, तशीच उभी राहायची. तेव्हा मला त्यात कौतुक वाटायचं. त्या दिवशी मी चावी काढून घेतली आणि गाडी पुन्हा शेडमध्ये नेली. नातीची समजूत घालायला अर्धा तास लागला. मला स्वतःची समजूत अजून घालता आलेली नाही, कारण त्याच गाडीत तिची आई वर्षानुवर्षं तशीच उभी राहून माजलगावला आणि परळीला गेली होती.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला सीट बेल्टबद्दल बोलताना एक तारीख टाळता येत नाही. ३ जून २०१४. केंद्रात ग्रामविकास मंत्री होऊन गोपीनाथराव मुंडे यांना जेमतेम आठवडा झाला होता. जिल्हा त्यांच्या स्वागताच्या तयारीत होता. दिल्लीत सकाळी विमानतळाकडं जाताना एका चौकात दुसरी गाडी त्यांच्या गाडीवर आदळली. ते मागच्या सीटवर होते. गाडीचा चेंदामेंदा झाला नव्हता. तरी ‘एम्स’मध्ये पोचल्यावर डॉक्टरांच्या हाती काही उरलं नव्हतं. ज्या कमानी स्वागतासाठी उभ्या होत्या, त्यांच्याखालून दुसऱ्या दिवशी माणसं रडत परळीला अंत्यदर्शनासाठी गेली. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन हे मुंडेसाहेबांचे सहकारी आणि स्वतः डॉक्टर. मागच्या सीटवरही बेल्ट लावला असता तर आपला मित्र वाचू शकला असता, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. त्या गाडीत पट्टा होता, तो लावायचा राहिला. माझ्या गाडीत लावायलाच पट्टा नाही.

पुढं ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. तेही मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर आपण देशाला उद्देशून जे बोललात ते मला चांगलं आठवतं. चार मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांमध्ये बेल्टचा इशारा बंद करायला खोट्या क्लिपा अडकवलेल्या आपण पाहिल्या होत्या, आणि ते आपण लपवलं नाही. पुढं २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा क्लिपा विकणं बंद करायला लावलं. पट्टा आहे आणि माणूस तो टाळतो, या रोगावर आपण बोट ठेवलंत. पण ज्यांना पट्टा लावायची इच्छा आहे आणि गाडीत पट्टाच नाही, त्यांच्याकडं अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

कायदा काय सांगतो ते मी वाचलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १३८ (३) हा नियम सांगतो की गाडीत पट्टे दिलेले असतील तर चालकानं, पुढच्या प्रवाशानं आणि समोर तोंड करून मागं बसणाऱ्यांनीही ते लावलेच पाहिजेत. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १९४ ब नुसार पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यानं किंवा बालआसनानं सुरक्षित न बसवल्यासही तेवढाच दंड आहे. नव्या गाड्यांना पुढच्या सीटचे पट्टे १९९४ पासून सक्तीचे झाले, मागच्या सीटचे २००२ पासून. म्हणजे १९९४ आधी रस्त्यावर आलेल्या बहुतेक अँबेसेडर, फियाट आणि महिंद्राच्या जीप पट्ट्याविना आल्या आणि त्यातल्या बऱ्याच अजूनही तशाच आहेत. लावण्याचा नियम आहे, बनवणाऱ्यावर पट्टा देण्याची सक्ती आहे. ‘आधीच्या गाडीला पट्टा बसवून घ्यायचा असेल तर असा बसवा’ हे सांगणारी सोपी वाट तेवढी नाही.

आकडे आपल्याच मंत्रालयाचे आहेत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातल्या १६ हजार ७१५ जणांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता. ८ हजार ३८४ चालक आणि ८ हजार ३३१ प्रवासी. म्हणजे जवळपास निम्मे स्टिअरिंगवर नव्हते, ते नुसते बसलेले होते.

आम्ही शाळेत शिकवलेलं विज्ञान इथं कामाला येतं. ताशी ५० किलोमीटरच्या वेगानं जाणारी गाडी जागीच थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा मार सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याएवढा असतो. गाडी थांबते, आतलं शरीर थांबत नाही. ते समोर जे येईल त्यावर जाऊन थांबतं. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात गाडी थांबली, तर माझ्या अठरा किलोच्या नातीला धरून ठेवायला अडीचशे किलोचा जोर लागेल. ‘मी धरते ना तिला मांडीवर’ असं म्हणणाऱ्या आईच्या हातात तेवढा जोर नसतो. जगात कुणाच्याच हातात नसतो.

जुन्या गाडीत समोर काय येतं हेही सांगायला हवं. नव्या गाडीचं नाक धडकेत चुरगळतं आणि मार गिळतं, जुन्या गाडीचं तसं बनवलेलं नाही. माझ्या फियाटमध्ये समोर पत्र्याचा डॅशबोर्ड आहे. स्टिअरिंगचा दांडा सरळ पुढच्या गिअरबॉक्सपर्यंत गेलेला आहे. धडक बसली की तो भाल्यासारखा छातीकडं येतो. डोक्याला टेकू नाही. दाराचे खटके जुने, झटक्यात उघडतील असे. ‘जुनी गाडी दणकट, पत्रा बघा कसा जाड’ असं आपल्याकडं सर्रास म्हटलं जातं. जाड पत्र्यानं गाडी वाचते. माणसाला वाचवायला त्याला सीटवर धरून ठेवणारं काहीतरी लागतं.

ते काहीतरी १९५९ मध्ये तयार झालं. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोहलिन या इंजिनिअरनं खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा, एका हातानं लावता येणारा तीन टोकांचा पट्टा बनवला. त्याआधी ते ‘साब’ कंपनीत विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत होते. शरीर किती झटका सोसतं, हे त्यांना नेमकं माहीत होतं. व्होल्वोनं या पट्ट्याचं पेटंट सगळ्या कंपन्यांना वापरायला मोकळं ठेवलं. माझी फियाट त्यानंतर चौदा वर्षांनी बनली. शोध लागलेला होता, आमच्यापर्यंत पोचला नव्हता.

आता माझा अनुभव सांगतो. पट्टा बसवायचाच, असं ठरवून मी गाडी एका गॅरेजवर नेली. मिस्त्री हुशार, जुन्या गाडीची जाण असलेला. त्यानं सीट हलवून बघितलं आणि म्हणाला, “सर, सीटच्या फ्रेमलाच बोल्ट मारू, पट्टा लावू, काम फत्ते. दोन तासांत घेऊन जा.” भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा पट्टाही त्यानं दाखवला. कडा झिजलेला, उन्हानं रंग उडालेला, ओढला की अडकणारा.

मी थांबलो. घरी येऊन वाचलं, दोन-तीन जाणकारांना विचारलं. मिस्त्रीचा हेतू चांगला होता, पण त्याच्या उपायानं धोका वाढला असता. सीट स्वतः चार छोट्या बोल्टांवर रुळाला धरलेली असते. धडकेत माणसाचं वजन पट्ट्यावर आणि पट्ट्याचं सीटवर आलं तर सीटच उखडून माणसासकट पुढं जाईल. म्हणून पट्ट्याची टोकं गाडीच्या सांगाड्याला लागतात. जमिनीच्या पत्र्याला नुसतं भोक पाडून बोल्ट लावला तर तो झटक्यात पत्रा फाडून बाहेर येतो. पत्र्याच्या खालून किमान तीन मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट लागते, म्हणजे ओढा एका भोकावर न येता पसरतो. बोल्ट ७/१६ इंची, हाय टेन्साईल. खांद्याचं टोक दारामागच्या खांबाला, खांद्याच्या उंचीला किंवा वर. ते खाली घेतलं तर पट्टा खांद्यावरून खाली ओढतो आणि मणका दाबला जातो. आणि पट्टा नवा, शिक्का असलेला. एकदा धडकेत ताणलेला पट्टा पुन्हा कामाचा राहत नाही, त्याचे धागे आतून तुटलेले असू शकतात.

हा ओढा किती असतो? संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत पट्ट्याच्या पकडीची चाचणी आहे. तीन टोकांच्या पट्ट्यात खांद्याच्या आणि कमरेच्या भागावर प्रत्येकी १३,५०० न्यूटन, म्हणजे सुमारे १,३७५ किलोचा जोर लावून बघतात. माझ्या अख्ख्या फियाटचं वजन त्याहून कमी आहे. एवढा जोर पेलायचं काम कोपऱ्यावरच्या गॅरेजनं अंदाजानं करायचं, अशी आजची परिस्थिती आहे.

मी पुन्हा त्याच मिस्त्रीकडं गेलो आणि त्याला हे सगळं समजावलं. त्यानं मन लावून ऐकलं. पुढची सीट काढली, रबरी मॅट उचलली, खालचं जुनं तरट खरवडलं. एका कोपऱ्यात पत्रा गंजून पापडासारखा झाला होता, बोट दाबलं की कुरकुर वाजत होता. “बघा सर, इथं बोल्ट मारला असता तर,” एवढंच तो म्हणाला आणि गप्प झाला. त्यानं तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, प्लेट बसवली, प्रायमर मारला, मग बोल्ट कसला. दोन तासांच्या कामाला चार दिवस लागले. पुढं दोन पट्टे बसले. मागचे अजून बाकी आहेत.

काम करताना एक प्रश्न सतत मनात होता, आणि त्यासाठीच हे पत्र आहे : हे मी केलं ते कायदेशीर की बेकायदेशीर?

एका परिवहन कार्यालयात जाऊन मी विचारलं. एका खिडकीवर उत्तर मिळालं, “पासिंगला जुन्या गाडीचा बेल्ट कुणी बघत नाही, तुम्ही कशाला पडता त्यात?” दुसरीकडं उत्तर मिळालं, “व्हिंटेजमध्ये नोंद करायची असेल तर बॉडीला हात लावू नका, नाकारली जाईल.” दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नव्हते. नियमच तसे आहेत.

जुलै २०२१ मध्ये आपल्याच मंत्रालयानं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, ८१ अ पासून पुढं. वारसा जपणारा तो चांगला निर्णय होता आणि त्याबद्दल आपले आभार. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडी, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची नोंदणी, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं, पारखायला राज्याची समिती. पण त्याच व्याख्येत म्हटलं आहे की गाडीत मोठा फेरबदल झालेला नसावा, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमधला बदल त्या फेरबदलात धरला आहे. आता जमिनीच्या पत्र्याखाली लावलेली तीन मिलिमीटरची प्लेट हा बॉडीतला बदल की नाही? नियम यावर काही बोलत नाही. एखादी समिती हो म्हणेल, दुसरी नाही म्हणेल. लाखमोलाच्या गाडीचा मालक हा धोका कशाला घेईल? तो पट्टा न लावण्याचा धोका घेईल, कारण त्या धोक्याला कुणी नोंदणी नाकारत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. बनवणाऱ्यानं दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. हे योग्यच आहे. मागचं छप्पर कापून, टायर वाढवून रस्त्यावर मिरवणाऱ्या गाड्या थांबल्याच पाहिजेत. पण याच कलमात ‘बदल’ म्हणजे काय तेही लिहिलं आहे : गाडीचं मूळ स्वरूपच बदलेल असा रचनेतला फेरफार. पट्ट्यानं फियाटची फियाटच राहते. आणि २०१९ च्या दुरुस्तीत याच कलमाला जोडलेलं वाक्य तर माझ्या मागणीचा पायाच आहे. जुन्या गाडीत नंतर काही बसवायचं असेल तर त्याचं मानक आणि मंजुरीच्या अटी केंद्र सरकार ठरवू शकतं, असा अधिकार कायद्यानं आपल्याला दिलेला आहे. तो सीट बेल्टसाठी वापरायचा तेवढा बाकी आहे.

ही वाट आपल्याकडं नवी नाही. सीएनजी किट बघा. कुणीही उठून टाकी बसवत नाही. मंजूर किट असतं, अधिकृत केंद्र असतं, बसवल्यावर तपासणी होते, आरसी बुकात नोंद चढते. स्फोटाच्या भीतीनं आपण एवढी शिस्त लावली आणि ती चालली. दुसरं उदाहरण त्याहून ताजं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबर प्लेट लावायला महाराष्ट्रानं सांगितलं. केंद्रं नेमली, ऑनलाइन वेळ दिली, मुदती वाढवल्या. वडवणीसारख्या गावातले लोकसुद्धा रांग लावून प्लेट बसवून आले. गाडी ओळखू यावी म्हणून जुन्या गाडीपर्यंत पोचलेली यंत्रणा, माणूस वाचावा म्हणूनही पोचू शकते.

बाहेर लोक काय करतात? ब्रिटनमध्ये मुळात पट्टे नसलेल्या जुन्या गाड्यांना पट्टा बसवायची सक्ती नाही, कारण तिथंही वारसा जपला जातो. पण अशा गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला बसवायला पूर्ण बंदी आहे, आणि त्याहून मोठी मुलं फक्त मागच्या सीटवर. माणसानं आपल्या जिवाशी काय करावं हे त्यांनी त्याच्यावर सोडलं, लेकराचा जीव मात्र सोडला नाही. आपल्याकडं तेवढी स्पष्टता नाही. मुलाला सुरक्षित न बसवल्यास दंड आहे, पण मुळात पट्टाच नसलेल्या गाडीत मूल बसवायचं की नाही, बसवायचं तर कुठं, हे वेगळं सांगितलेलं नाही.

जुन्या गाड्यांचे जाणकार यावर एक आक्षेप घेतील आणि तो मला मान्य आहे. गाडी मूळ रूपात राहिली पाहिजे. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती ज्या मेबॅक गाडीतून दसरा चौकात येतात, तिला भोक पाडा असं मी कधीच म्हणणार नाही. मिरवणुकीच्या वेगानं चालणारी, इतिहासाची ठेव असलेली ती गाडी आहे. १९३० च्या आसपासच्या कित्येक गाड्यांच्या बॉडीचा सांगाडाच लाकडी आहे, तिथं पट्ट्याची पकड टिकणारही नाही. म्हणून मी सरसकट सक्ती मागत नाही. मागतो ती मुभा, मानक आणि नोंद. पोलादी बॉडीच्या गाडीत प्लेट मॅटखाली जाते, पट्टा हवा तेव्हा काढून ठेवता येतो, बोल्टच्या जागी बूच लावता येतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीला आज नवं टायर आणि नवं ब्रेक ऑइल लागतं, त्यानं तिचं जुनेपण कमी होत नाही. पट्ट्यानंही होणार नाही.

आणि हा फक्त हौशी लोकांचा प्रश्न नाही. आमच्या तालुक्यात व्हिंटेज रॅली निघत नाही. इथं जुनी गाडी म्हणजे लग्नसराईत सजवलेली उघडी जीप, जिच्यात नवरदेवाभोवती सात-आठ लेकरं लोंबकळतात. म्हातारीला तपासायला न्यायला भावकीतून मागून आणलेली अँबेसेडर, तीही जुनीच गाडी. आणि दिवाळीनंतर आमच्या रस्त्यावर ऊस वाहतो. तेलगावच्या कारखान्याकडं, आणखी लांबच्या कारखान्यांकडं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. कित्येकांना मागं लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. अंधारात पुढं ट्रॉली उभी आहे हे कळतं तेव्हा फक्त ब्रेक हातात असतो, आणि ब्रेकनं माणूस वाचत नाही तेव्हा पट्टाच वाचवतो. आपल्या खात्यानं रस्ते रुंद केले, सिमेंटचे केले. चाळीसनं जाणारी जुनी गाडी आता त्यावर सत्तरनं जाते. रस्ता बदलला, गाडी आतून तीच राहिली. या दोन्हींमधलं अंतर भरून काढायची वेळ आता आली आहे.

म्हणून माझ्या पाच मागण्या आहेत :

१. जुन्या आणि व्हिंटेज गाड्यांना मानकाप्रमाणे सीट बेल्ट बसवणं म्हणजे कलम ५२ खालचा बदल किंवा व्हिंटेज नियमातला मोठा फेरबदल धरला जाणार नाही, असं एका स्पष्ट वाक्यात नियमात लिहावं.

२. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेकडून फियाट, अँबेसेडर आणि जीप या आपल्याकडच्या तीन मुख्य जुन्या गाड्यांसाठी पट्टे, प्लेट, बोल्ट आणि बसवण्याच्या जागांचा नकाशा असलेलं मंजूर किट तयार करून घ्यावं.

३. जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. तिथं हे काम शिकवावं आणि ते शिकलेल्या गॅरेजला प्रमाणपत्र द्यावं. माझ्या मिस्त्रीला कुणी एकदा शिकवलं असतं, तर त्यानं मला सीटला बोल्ट मारायला सांगितलं नसतं.

४. पंधरा वर्षांनंतरच्या प्रत्येक पासिंगला जुन्या गाडीच्या मालकाला पट्ट्याबद्दल विचारावं. बसवलेला असेल तर पकड तपासून आरसी बुकात नोंद करावी आणि त्या नोंदणीच्या शुल्कात थोडी सूट द्यावी.

५. पट्टा नसलेल्या गाडीत लहान मुलांना बसवण्याबद्दल स्पष्ट नियम करावा. किमान पुढच्या सीटवर मूल नको, आणि उघड्या जीपमध्ये तर नकोच.

यातल्या कशालाही मोठा खर्च लागत नाही. पहिल्या मागणीला तर फक्त एक अधिसूचना लागते.

माझ्यासारख्या जुन्या गाडीवाल्यांनाही दोन शब्द सांगतो. नियम येईपर्यंत थांबू नका, पण घाईत चुकीचा पट्टाही लावू नका. चुकीचा लावलेला पट्टा फक्त मनाचं समाधान करतो. आधी खालचा पत्रा तपासा. गंज असेल तर तो काढा. पट्टा नवा घ्या. सीटला नाही, सांगाड्याला लावा. आणि जोवर लावत नाही तोवर त्या गाडीत लेकरू बसवू नका, कितीही रडलं तरी. नातीचं रडू अर्ध्या तासात थांबतं, हे मी पाहिलं आहे.

नितीनजी, आपण महाराष्ट्राचे आहात. बीडचं दुःख आपल्याला वेगळं सांगायला नको. मागच्या सीटवरच्या पट्ट्यानं वाचवता आला असता असा आमचा नेता गेला, तेव्हा आम्ही फक्त नशिबाला दोष दिला होता. आता आम्हाला कळतं, निदान मला कळतं, की नशिबाच्या अलीकडं आपल्या हातातलं बरंच काही असतं. एक प्लेट, चार बोल्ट, दोन इंच रुंदीचा पट्टा आणि नियमातलं एक वाक्य. पहिल्या तीन गोष्टी आम्ही करू. चौथी फक्त आपल्याला करता येते.

माझ्या फियाटला आज पुढं दोन पट्टे आहेत. आरसी बुकात त्यांची नोंद नाही. ती व्हावी, एवढी सोय करा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
वडवणी, जि. बीड